पक्षी शहाद्याचा, पत्ता मांडवीचा

तोरणमाळचा घाट उतरताना आमच्यातल्या एका काकांना गाडी लागली. वळणं संपता संपेनात, तेव्हा ते मागच्या सीटवर डोळ्यांवर ओला रुमाल टाकून, हातात अर्धं लिंबू धरून पडून राहिले. नेमकी तेव्हाच ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि काही न बोलता बोट वर केलं. रस्त्याकडेच्या पानं गळलेल्या सागावर, भर उन्हात, रानपिंगळा बसला होता. आपल्या गावातल्या पिंगळ्यासारखे डोक्यावर ठिपके नाहीत, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पायांत पांढऱ्या पिसांचे जाड मोजे. सारखी शेपटी झटकत होता. आम्ही दार न वाजवता एकेक करून खाली उतरलो. डिझेलचा, लिंबाचा आणि तापलेल्या पाचोळ्याचा वास एकमेकांत मिसळला होता. कुणीतरी काकांना हळूच हाक मारली, पण ते सावरून बसेपर्यंत पक्षी दरीत उतरून गेला होता.

रात्री शहाद्याच्या ढाब्यावर शेवभाजी आणि भाकरी येईपर्यंत ज्यानं त्यानं आपापली यादी वाचून दाखवली. काकांची पाळी आली. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, वही लांब धरली आणि शांतपणे वाचलं, "रानपिंगळा, एक." आमच्यातल्या एका कॉलेजातल्या पोरानं तोंड उघडलं, तसं त्याच्या वडिलांनी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. विषय भाजीच्या तर्रीवर गेला. काका म्हणजे बँकेत आयुष्यभर जमा-खर्चाची पानं जुळवलेला माणूस. वाण्याकडून दोन रुपये जास्त आले तर उन्हातून परत द्यायला जातील. मग त्यांना या एका ओळीतून काय मिळालं? ना बक्षीस, ना पदोन्नती. ती वही त्यांच्याशिवाय कुणी उघडणारही नाही.

त्या रात्री मला कर्नल माइनर्ट्झहागन आठवला.

रिचर्ड माइनर्ट्झहागन. नाव उच्चारताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं, म्हणून मी त्याला नुसतं कर्नल म्हणतो. 1878 साली लंडनमधल्या धनाढ्य बँकर घराण्यात जन्मलेला, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या हेरखात्यात नाव कमावलेला, 1925 च्या सुमारास लष्करातून निवृत्त झालेला आणि पुढची चाळीसेक वर्षं छंदांत घालवून 1967 च्या जूनमध्ये गेलेला माणूस. छंद तरी किती! पक्षी, संग्रहासाठी सोलून कापूस भरलेली पक्ष्यांची कातडी, पक्ष्यांच्या पिसांत राहणाऱ्या उवा, वाळवंटं, हिमालय, बंदुका, आणि रोज टाइप करायची रोजनिशी. त्याच्याविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा असं म्हातारपण आपल्याला मिळावं असं मला मनापासून वाटलं होतं. त्या हेव्याचा अंश अजूनही कुठंतरी आहे, आणि तेच जरा अडचणीचं आहे.

कारण या माणसानं आमच्या पक्ष्याचा पत्ता बदलला.

माझं आजोळ तळोद्याचं, त्यामुळे रानपिंगळ्याच्या बाबतीत मी थोडा हक्कानं बोलतो. 1872 साली ब्लेविट नावाच्या साहेबाला छत्तीसगडातल्या फुलझरच्या बाजूला हा पक्षी मिळाला आणि पुढच्या वर्षी ह्यूमनं, त्याच काँग्रेसवाल्या ह्यूमनं, त्याला ब्लेविटचं नाव देऊन टाकलं. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसननं शहादा-तळोद्याकडून काही नमुने मिळवले. 1884 नंतर सगळं थंड. जगभरच्या संग्रहालयांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कातडी, आणि जिवंत पक्ष्याचा पत्ता नाही. अपवाद एकाच नमुन्याचा. त्याच्या लेबलावर लिहिलेलं: मांडवी, तापी नदी, 5 ऑक्टोबर 1914. गोळा करणारा, आपला कर्नल. म्हणजे पक्षी विसाव्या शतकातही होता आणि तो तापीच्या काठानं खाली, सुरतेच्या अंगाला शोधायला हवा, असा त्या लेबलाचा अर्थ झाला.

लेबल दिसायला अगदी बिनतोड होतं. त्या ऑक्टोबरात कर्नल खरोखरच या भागात होता. मुंबईहून पूर्व आफ्रिकेला निघालेल्या फौजेत त्याची हेर-अधिकारी म्हणून नेमणूक झाली होती आणि महिन्याच्या मध्यावर जहाजं सुटली. निघण्याआधी चार दिवस रानात फिरून आलेला पक्षीवेडा अधिकारी कुणाला खटकणार? सत्तरच्या दशकात सलीम अली आणि अमेरिकी पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ले यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. (रिप्ले स्वतः दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्यात होता. दुर्बीण, नकाशा, वही आणि तासन्‌तास गप्प बसून राहण्याची सवय, दोन्ही धंद्यांचं सामान एकच. सीमेजवळ पक्षी बघणाऱ्यांकडे जवान संशयानं बघतात त्याचा मला कधी राग येत नाही.)

मग अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आली. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांच्या पुस्तकाचं रिप्लेचं अपुरं राहिलेलं काम तिच्याकडे आलं होतं आणि त्यासाठी ती जुनी कातडी एकेक करून तपासत होती. त्याआधी, 1993 साली, ॲलन नॉक्स या पक्षीशास्त्रज्ञानं कर्नलचे काही नमुने चोरीचे असल्याचं दाखवून दिलं होतंच. कातडी भरण्याची प्रत्येकाची आपली तऱ्हा असते. पंखाचा सांधा कसा सोडवायचा, कापूस कुठं आणि किती दाबायचा, टाका कुठून घ्यायचा. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात केलेली पुरणपोळी जशी कडेवरून ओळखू येते, तसंच काहीसं. रासमुसेननं मांडवीच्या रानपिंगळ्याचा एक्स-रे काढला. वरची शिवण कर्नलची, पण आतल्या खुणा डेव्हिडसनच्या. ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी उचलायचा, उसवायचा, पुन्हा भरायचा आणि त्याच्या पायाला नवं लेबल बांधायचं, असा तो उद्योग होता. तिनं आणि नायजेल कॉलरनं ही हकिगत 1999 साली सविस्तर छापली. पण तिला आधीच जे उमगलं होतं ते जास्त महत्त्वाचं. मांडवी विसरायची आणि खऱ्या लेबलांच्या मागं जायचं. 25 नोव्हेंबर 1997 ला, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला तिला रानपिंगळा दिसला. सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर. मधे एकशे तेरा वर्षं गेली होती.

ही बातमी ऐकून माझे मामा म्हणाले होते, "हरवला व्हता कवा? आमी तं रोज बघतो." त्यांनी बघितलेला बहुधा साधा पिंगळा असणार, पण पावरा आणि भिल्ल माणसांनी तो पाहिला नसेल असं मला कधीच वाटलं नाही. हरवतात ते साहेबांच्या यादीतून, एवढंच.

कर्नलनं हे का केलं, या प्रश्नाभोवती मी बराच घुटमळलो. पहिलं सुचतं ते उत्तर असं, की हेरखात्यात खोटं बोलण्याचा पगार मिळाला, ती सवय निवृत्तीनंतर सुटली नाही. 1917 च्या ऑक्टोबरात पॅलेस्टाइनमध्ये तुर्कांच्या पहाऱ्यासमोर एक इंग्रज घोडेस्वार जखमी झाल्याचं सोंग करून पळाला आणि जाताना पाठपिशवी टाकून गेला. पिशवीवर रक्त, आत बनावट लष्करी कागद, आणि सगळं अस्सल वाटावं म्हणून थोडे पैसे आणि घरच्या बायकोचं पत्र. तुर्कांना वाटलं हल्ला गाझावर होणार, आणि महिनाअखेर पडलं ते बीरशेबा. ही पिशवी कर्नलच्या नावावर आयुष्यभर चालली. हेरगिरीच्या अभ्यासक्रमात तिचं नाव अजून निघतं. पुढं चिकित्सक लोकांनी कागदपत्रं उपसली, तेव्हा कळलं की कल्पना दुसऱ्याची होती आणि घोड्यावर तिसराच होता. म्हणजे ज्या थापेनं कर्नल नावारूपाला आला, ती थापही त्याची स्वतःची नव्हती. त्याच्याबरोबर काम केलेल्या लॉरेन्सनं, अरबस्तानवाल्या लॉरेन्सनं, तेव्हाच लिहून ठेवलं होतं की शत्रूला फसवताना या माणसाला जितका आनंद होतो तितकाच मित्राला फसवतानाही होतो. हे वाचल्यावर नोकरीला दोष देता येत नाही. खोटं आधीपासून होतं, नोकरी त्याला सोयीची मिळाली.

रोजनिशीचंही तेच. सत्तरहून जास्त खंड, सगळे टाइप केलेले, ऑक्सफर्डला जपून ठेवलेले. त्यात हिटलरच्या भेटी आहेत. हिटलर हात उंचावून स्वतःच्याच नावाचा जयजयकार करतो तेव्हा हा पठ्ठ्या हात उंचावून 'हाइल माइनर्ट्झहागन' म्हणतो. पुढच्या एका भेटीत खिशात भरलेलं पिस्तूल. रशियाच्या झारच्या मुलीला विमानात कोंबून वाचवल्याची गोष्ट आहे. पानं मागाहून टाइप करून घुसवल्याचं तपासणारे सांगतात. आपल्याकडे हेर म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात. त्यांच्या हातचा एक कागद मागं राहिला नाही, आणि म्हणूनच ते हेर होते असं वाटतं. कर्नलनं इतकं लिहून ठेवलं की त्याच्याविषयी खात्रीनं बोलायला त्याचं एकही पान एकट्यानं चालत नाही, शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी कागद ठेवावा लागतो.

असा दुसऱ्याचा एक कागद आपल्या ओळखीचा आहे. 1937 साली कर्नल पक्ष्यांसाठी अफगाणिस्तानात गेला तेव्हा सलीम अली त्याच्याबरोबर होते. तंबू, थंडी, दगडी खिंडी, दिवसभर बंदूक आणि रात्री कंदिलाखाली कातडी भरणं. कर्नलनं रोजनिशीत सलीम अलींचा अगदी पाणउतारा केला आहे. गोळा करण्यापलीकडे याला काही येत नाही, स्वयंपाक नाही, लाकूड फोडणं नाही, सामान बांधणं नाही. पक्ष्याचं कातडंही सोलता येत नाही. हा शिकलेला हिंदी माणूस, इंग्रजांना उद्या घालवून देश स्वतः चालवायला निघालाय. आणि सारखा काहीतरी लिहीत बसतो, बहुतेक माझ्याबद्दलच. सलीम अलींनी म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा हा मजकूर त्यांनी स्वतःच छापला. मिष्किलपणे, कुठंही न चिडता. मला त्या दोघांचं तंबूतलं चित्र फार आवडतं. एक जण वाकून आजचा पक्षी, आजची जागा, आजची उंची लिहितोय, आणि दुसरा त्याच्या लिहिण्याकडे तिरक्या नजरेनं पाहतोय. नमुन्यांची चोरी छापील पुराव्यानं बाहेर आली तेव्हा सलीम अली हयात नव्हते, ते 1987 सालीच गेले. कर्नलच्या नोंदींवर विसंबून छापलेली पक्ष्यांची माहिती पुढं रासमुसेनला तपासून गाळावी लागली.

संग्रहालयाच्या लोकांना मात्र वास आधीच लागला होता. पक्षीदालनातून न विचारता नमुने नेले म्हणून त्याला एकदा दीड वर्ष बंदी झाली होती. पुढंही कर्मचारी टिपणं ठेवत होते, खटला भरायची भाषा झाली होती. आणि तरी 1954 साली वीसेक हजार पक्ष्यांचा त्याचा संग्रह त्याच संग्रहालयानं मानानं घेतला. घरंदाज साहेब, उंचापुरा, मोठमोठ्या लोकांत ऊठबस. शिपायानं एक पीस खिशात घातलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

इथवर आलं की पक्षीमित्रांच्या बैठकीत हशा होतो. मीही हसत आलोय. कर्नल म्हणजे मस्त किस्सा. पण मग मला आफ्रिकेतले नंदी लोक आठवतात आणि हसू थांबतं. आजच्या केनियात इंग्रजांच्या रेल्वेला आणि सत्तेला नंदी लोकांनी अकरा वर्षं झुंजवलं. त्यांचा पुढारी कोइतालेल अराप सामोई. 19 ऑक्टोबर 1905 ला तहाच्या बोलणीसाठी दोघं भेटले आणि त्या भेटीत तरुण माइनर्ट्झहागननं त्याला गोळी घातली, बरोबरची माणसंही मारली गेली. चौकशा झाल्या, हा सुटला, पण त्याला आफ्रिकेतून हलवावं लागलं. अफझलखानाच्या गोष्टीवर वाढलेले आपण लोक अशा भेटींची बाजू लगेच ठरवून टाकतो. इथं मला बाजू ठरवायला क्षणही लागत नाही, आणि लेबलं बदलल्याचा राग आपल्याला इतका येतो, मग या गोष्टीचा उल्लेख आपल्या बैठकीत तळटीपेसारखा का येतो, याचंही उत्तर सोपं आहे. रानपिंगळा आपला आहे. नंदी दूरचे आहेत. कोइतालेलच्या काठ्या कर्नल घेऊन गेला होता. त्या त्याच्या मुलानं 2006 मध्ये नंदींना परत केल्या. त्याच रानातून कर्नलनं पाठवलेल्या अवशेषांवरून एका प्रचंड रानडुकराला 1904 मध्ये कर्नलच्याच नावाचं शास्त्रीय नाव मिळालं आणि ते आजही टिकून आहे. ते जनावर खरं आहे, चोरीचं नाही.

घरातली एक गोष्ट आहे. त्याची दुसरी बायको ॲनी स्वतः नाव असलेली पक्षीशास्त्रज्ञ होती. 1928 च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमध्ये पिस्तुलाच्या सरावात गोळी लागून ती गेली. जवळ फक्त कर्नल होता. अपघात म्हणून नोंद झाली. मागाहून लोकांनी शंका घेतल्या, पुरावा नाही. सराईत खोटारड्याच्या आयुष्यातला खरा अपघातसुद्धा मग अपघात राहत नाही, आणि यात अन्याय कुणावर होतो ते मला ठरवता येत नाही.

मग येते थेरेसा क्ले, नात्यातलीच, त्याच्याहून तीसेक वर्षांनी लहान. लंडनमध्ये दोघांची घरं शेजारी-शेजारी, आतून जोडलेली. लोक बोलायचं ते बोलत. ती पक्ष्यांच्या उवांची जगातली मोठी तज्ज्ञ झाली आणि तिच्या कामासाठी कर्नलनं मेलेल्या पक्ष्यांची पिसं विंचरून लाखो उवा जमवायला मदत केली. हा भाग मी नेहमी रेंगाळत वाचतो. युद्धं पाहिलेला, माणसं मारलेला, साठी ओलांडलेला सहा फुटी माणूस टेबलाच्या दिव्याखाली पिसांतून डोळ्यांनाही धड न दिसणारे जीव वेचतोय. त्यात दिखाऊ काही नाही. उवांचा पोवाडा कुणी गात नाही. अफगाणिस्तानच्या त्याच सफरीत बर्फाळ डोंगरांतली एक चिमणी शास्त्राला नवी मिळाली आणि तिला त्यानं थेरेसाचं नाव दिलं. ती चिमणी पुढं इतरांनीही पाहिली आहे. ती तिथंच राहते, त्यानं सांगितलं तिथंच.

मला वाटतं, त्याला पक्षी खरोखर कळत होते म्हणूनच त्याची फसवणूक इतकी वर्षं खपली. ज्याला पक्षी कळत नाही तो रानपिंगळा महाबळेश्वरला मारल्याचं लिहील आणि दुसऱ्या दिवशी पकडला जाईल. यानं जागा निवडली ती कोरड्या पानगळीच्या रानाजवळची, तापीच्या खोऱ्यातली, आपण खरोखर फिरकलो असू अशा तारखेची. आमच्या काकांची ओळ त्यामानानं अगदीच भोळी. काकांना फक्त आमच्यात बसायचं होतं. कर्नलला सगळ्यांच्या आधी पोचलेलं असायचं होतं, आणि जिथं तो पोचला नाही तिथं त्यानं मागाहून पावलं उमटवली.

आता रानपिंगळा बऱ्याच ठिकाणी सापडलाय. मेळघाटात आहे, यावलला आहे, 2014 मध्ये तर मुंबईच्या पाण्यासाठी आपण ओळखतो त्या तानसाच्या रानात निघाला. 2018 पासून त्याची गणती अतिसंकटग्रस्तांत होत नाही, एक पायरी खाली, संकटग्रस्त. खूश व्हावं असंच सगळं. आणि मग गुजरातेतून बातमी आली. डांगच्या पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा. मी नकाशा काढला. सुरत जिल्हा, तापी, मांडवी, आणि तिथून दक्षिणेला, एखाद्या दिवसात गाडीनं जाऊन यावं इतक्या अंतरावर डांग. म्हणजे या गृहस्थानं चोरीच्या पक्ष्याला बसल्या जागी बनावट गाव चिकटवलं, आणि त्या गावापासून थोड्या अंतरावर पक्षी खरंच निघाला! पक्ष्याकरता मला बरं वाटलं. कर्नलकरता मात्र मी नकाशा मिटताना चांगली जळगावी शिवी हासडली, आणि बायको स्वयंपाकघरातून विचारत राहिली की कुणाला एवढं बोलतोयस.